शारजा पार्टनर व्हिसा रिन्यूअल: पोर्टलवरून अर्ज दोनदा परत आला, २६ दिवस उरलेत

कागलकर | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी शारजात सतरा वर्षं आहे. इंडस्ट्रियल एरियात मेव्हण्यांबरोबर एसी दुरुस्ती आणि डक्टिंगचं वर्कशॉप आहे. लायसन्सवर आम्ही दोघे भागीदार, म्हणून व्हिसा पार्टनरचा, दोन वर्षांचा. आजवर दर खेपेला आमचा पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रांची कामं करणारा माणूस, यायचा, पासपोर्ट आणि पैसे घेऊन जायचा आणि आठवड्याभरात काम करून आणायचा. तो ऑक्टोबरात कायमचा गावी गेला. या वेळी म्हटलं, सगळं ऑनलाइन आहे तर आपणच करू.

आयसीपीच्या, म्हणजे व्हिसा आणि ओळखपत्रं बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, पोर्टलवर यूएई पासने (सरकारी डिजिटल ओळखीने) लॉगिन केलं, अर्ज भरला, फी भरली. पहिल्यांदा अर्ज परत आला तो फोटोमुळे, पाठीमागची भिंत क्रीम रंगाची होती. नवा फोटो काढून पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदा परत आला आणि आता अरबीत दोन ओळींचा शेरा आहे. परत आल्याचा एसएमएससुद्धा आला नाही. सहज लॉगिन करून बघितलं म्हणून कळलं, तोवर सहा दिवस गेले होते.

व्हिसा संपायला २६ दिवस आहेत. बायको आणि मुलगी दोघींचे व्हिसा माझ्या व्हिसावर. मुलगी बारावीला, फेब्रुवारीत सीबीएसईची बोर्डाची परीक्षा. गेल्या तीन रात्री झोप नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

नहदावासी | सोमवार, रात्री ११.४८

दादा, घाबरू नका. उद्या सकाळी जवळच्या आमेर सेंटरला जा, ते लोक अर्धा तासात करून देतात. माझा गेल्या वर्षी तसाच झाला.

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी ६.३०

नहदावासी, तुमची नहदा दुबईतली की शारजातली? आमेर सेंटरं फक्त दुबईच्या फायलींसाठी आहेत. दुबईची रेसिडेन्सी, म्हणजे राहण्याचा परवाना, जीडीआरएफए हे तिथलं खातं बघतं, बाकी सगळ्या अमिरातींची आयसीपी. एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, मात्र सातही अमिरातींत आयसीपीच देतं, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. कागलकरांची फाईल शारजाची, आमेरवाले तिला हात लावू शकणार नाहीत.

नहदावासी | मंगळवार, सकाळी ७.०२

बरोबर, माझी दुबईची. चूक झाली, दादांचा हेलपाटा वाचला.

टायपिंगताई | मंगळवार, सकाळी ७.१५

कागलकर दादा, मी अजमानला टायपिंग सेंटरमध्ये अकरा वर्षं काम करते. रोज हेच अर्ज भरते, म्हणून हक्काने सांगते: तो अर्ज आता तसाच परत पाठवू नका. कागद किंवा माहिती अपुरी म्हणून तीनदा परत आलेला अर्ज आपोआप नाकारला जातो. परत आल्यावर ३० दिवसांत दुरुस्त केला नाही तरीही रद्द होतो. तुमच्या दोन खेपा संपल्या, हातात एकच आहे. ती शेरा नीट समजल्यावरच वापरायची.

शेऱ्यात काय लिहिलंय? फोटो इथे टाकू नका, त्यात फाईल नंबर दिसेल. कुणाकडून तरी वाचून घ्या आणि कानावर पडेल तसं इथे लिहा.

आणि एक सांगा, गेल्या दोन वर्षांत पासपोर्ट नवा केलात का?

कागलकर | मंगळवार, दुपारी १.४०

ताई, शेजारच्या गाळ्यातल्या सुदानी मित्राकडून वाचून घेतलं. त्याला हिंदी जेमतेम येतं, 'पासपोर्ट, पासपोर्ट' एवढंच म्हणाला. ऐकू आलं ते असं: "युर्जा तहदीस बयानात अल-जवाज", आणि पुढे "इर्फाक" असं काहीतरी.

होय, पासपोर्ट नोव्हेंबरात नवा केला. जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा होता, माझं, वडिलांचं आणि आडनाव तिन्ही शब्द एकाच रकान्यात होते. आडनावाचा रकाना रिकामा असला की विमानतळावर अडवतात असं ऐकलं होतं, म्हणून नव्यात आडनाव वेगळं करून घेतलं. चूक केली का?

टायपिंगताई | मंगळवार, रात्री ९.३०

चूक मुळीच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे नियम आला की व्हिजिट व्हिसावर येणाऱ्याच्या पासपोर्टवर नुसतं एकच नाव चालणार नाही. रेसिडेन्सीवाल्यांना तेव्हा सूट होती, पण आडनाव वेगळं असलेलं कधीही चांगलं. फक्त नवा पासपोर्ट हातात आल्यावर करायचं एक काम तुमच्याकडून राहिलं.

'तहदीस बयानात अल-जवाज' म्हणजे पासपोर्टची माहिती अद्ययावत करा. 'युर्जा' म्हणजे कृपया, 'इर्फाक' म्हणजे सोबत जोडा. तुमची रेसिडेन्सी अजून जुन्या पासपोर्ट नंबरवर आहे, नावही जुन्या पद्धतीने आहे. अर्जात नवा पासपोर्ट जोडलात, पण फाईलमध्ये दुसराच नंबर. त्यांच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं.

आधी पोर्टलवर पासपोर्टची माहिती बदलण्याची वेगळी सेवा आहे, तो अर्ज करा. तो मंजूर झाला की मगच रिन्यूअलच्या अर्जाला हात लावा. पासपोर्टचं पहिलं पान सगळे जोडतात, शेवटचं पान विसरतात. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं, पत्ता आणि जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. जुना आणि नवा माणूस एकच, हे सांगणारी ती एकच ओळ आहे. दोन्ही पानं एकाच पीडीएफमध्ये, सरळ स्कॅन करून, बोट किंवा सावली न येता जोडा. जुन्या रद्द पासपोर्टचं पहिलं पानही जोडा.

नावाचे रकाने बदललेत म्हणून कदाचित भारतीय वकिलातीचा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असा दाखला मागतील. दर वेळी मागतातच असं नाही. पण तुमच्याकडे दिवस कमी आहेत, आत्ताच अर्ज टाकून ठेवा. शारजा आणि उत्तरेकडच्या अमिराती दुबईच्या कॉन्सुलेटकडे येतात, अबू धाबीला जायची गरज नाही.

आता दुसरा प्रश्न. एसएमएस का आला नाही? फाईलमध्ये मोबाईल नंबर कुणाचा आहे?

कागलकर | मंगळवार, रात्री १०.१०

ताई, आत्ता प्रोफाईल उघडून बघितलं. नंबर पीआरओचा. ईमेलही त्याचाच. सहा वर्षं झाली, मला पत्ताच नाही.

टायपिंगताई | मंगळवार, रात्री १०.४५

वाटलंच होतं. दहातल्या सहा-सात फायली मला अशाच दिसतात. यात पीआरओंचा वाईट हेतू असतो असं नाही. त्यांना दिवसाला पन्नास फायली बघायच्या असतात, निरोप आपल्याकडे आला की काम पटकन होतं, म्हणून ते आपला नंबर टाकतात. पण तो माणूस गावी गेला की तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाचे निरोप कुठल्या तरी बंद पडलेल्या सिमवर जातात. मी इथे लोकांना हात जोडून सांगते, काम कुणाकडूनही करून घ्या, आमच्याकडून घ्या, पीआरओकडून घ्या, पण फाईलमध्ये नंबर आणि ईमेल स्वतःचा टाका.

तुमचे तीन आकडेही एका वहीत लिहून ठेवा. पहिला एमिरेट्स आयडीचा, सगळ्यांचा ७८४ ने सुरू होतो. तो या देशाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, त्यापुढे तुमचं जन्मवर्ष. दुसरा रेसिडेन्सीचा फाईल नंबर. दुबईचा २०१ ने सुरू होतो, शारजाचा ३०१ ने. तिसरा युनिफाईड नंबर, तो माणसाचा असतो, व्हिसा बदलला तरी तोच राहतो. लोक या तिन्हींची सरमिसळ करतात आणि चुकीच्या रकान्यात चुकीचा आकडा घालून बसतात.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८.२०

ताईंच्या बोलण्यात भर घालतो. मी शारजा-अजमानच्या लहान कंपन्यांची पुस्तकं लिहितो. पार्टनर व्हिसाचं रिन्यूअल माणसाच्या कागदांवर कमी आणि कंपनीच्या कागदांवर जास्त अडतं. लायसन्स चालू हवं. इमिग्रेशनचं इस्टॅब्लिशमेंट कार्ड, म्हणजे तिथल्या कंपनीच्या नोंदीचं कार्ड, चालू हवं. ते वेगळं कार्ड आहे, त्याची तारीख लायसन्सच्या तारखेशी जुळतेच असं नाही, आणि ते संपलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि भागीदारीचा करार, म्हणजे एमओए, शेवटच्या दुरुस्तीसकट हवा. २०२१ च्या जूनपासून बऱ्याच व्यवसायांत परदेशी माणसाला १०० टक्के मालकी मिळायला लागली, त्याआधी ५१ टक्के स्थानिक भागीदाराचे असत. त्या बदलात अनेकांनी करार नवा केला, पण अपलोड करताना हार्ड डिस्कवरचा जुनाच करार चढवतात. कागलकर, तुमचा कुठला आहे ते बघा.

बँकेचीही आठवण करून देतो. आयडी संपला की बँक खात्यावर मर्यादा आणते. मोबाईल सिमही आयडीला जोडलेलं असतं, तेही बंद होऊ शकतं. सिम बंद झालं की ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय पुढचं काहीच हलत नाही. तुमच्या कामगारांचे पगार त्याच खात्यातून जात असतील, तर आज बसून पुढच्या महिन्याचं नियोजन करून टाका.

सांगलीची सून | बुधवार, सकाळी १०.५५

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच विचारते. आम्हा नवरा-बायकोचं अजमानला छोटं कापडाचं दुकान, मी पण पार्टनर. एमओए केला तेव्हा माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव होतं. मधे वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. मागच्या वर्षी पासपोर्ट सासरच्या नावाने केला, म्हणजे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलली. मार्चमध्ये माझा रिन्यूअल आहे. कागलकर दादांचं वाचून धडकी भरली.

टायपिंगताई | बुधवार, रात्री ९.५०

सांगलीच्या ताई, आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांचा हा प्रश्न मी वर्षानुवर्षं बघतेय. केरळच्या, तमिळनाडूच्या बायकांचं एवढं अडत नाही, कारण लग्नानंतर तिथे अनेकींचं नाव तसंच राहतं. आपल्याकडे लग्न झालं की मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. कंप्युटरला पहिल्या नावाखेरीज काहीच ओळखू येत नाही.

तुम्हाला लागेल ते लग्नाचं प्रमाणपत्र, साक्षांकित केलेलं. त्याची साखळी अशी: महाराष्ट्र सरकार, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतली यूएईची वकिलात, मग इथलं परराष्ट्र मंत्रालय. ही साखळी एकदा पूर्ण केलीत की तेच प्रमाणपत्र मुलांच्या, नवऱ्याच्या सगळ्या कामांना पुरतं. त्यावर तुमचं लग्नाआधीचं पूर्ण नाव आणि नंतरचं पूर्ण नाव दोन्ही असतील तर सोन्याहून पिवळं. काही ग्रामपंचायतींच्या जुन्या दाखल्यांवर फक्त नंतरचं नाव असतं, मग जुनं नाव कुठून सिद्ध करणार? आधी दाखला हातात घेऊन वाचा. मार्चचं काम असेल तर याच आठवड्यात सुरू करा.

नंतर पासपोर्टची माहिती बदला, आणि मग एमओएवरचं नाव दुरुस्त करून घ्या. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात. करारावर जुनं नाव आणि आयडीवर नवं, तर ती भागीदार कोण, असा प्रश्न येतोच.

अरबीतलं नावही बघा. इथे कायद्याने अरबी मजकूर खरा धरतात, इंग्रजी नाही. आणि आपली नावं अरबीत बसत नाहीत. अरबीत 'प' नाही, तो 'ब' होतो, पाटीलचं बातील होतं. 'च' नाही, 'ळ' नाही. 'ग' साठी एक टायपिस्ट 'ज' चं अक्षर घेतो, दुसरा 'क' चं, तिसरा घशातला 'ग़'. गायकवाड हे एकच आडनाव मी चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय, आणि चारही बरोबर! आयडीवर जसं लिहिलंय तसंच्या तसं करारावर लिहून घ्यायचं, अक्षराला अक्षर. नोटरीपुढे सही करण्याआधी आयडी आणि मसुदा शेजारी ठेवून अरबी अक्षरांचा आकार जुळवायचा. अरबी वाचता येत नसलं तरी आकार जुळतो की नाही हे डोळ्यांना कळतं.

सांगलीची सून | बुधवार, रात्री १०.०५

आयडी आणि करार आत्ता शेजारी ठेवून बघितले. आडनावात एक अक्षर वेगळं आहे. एकावर खाली टिंब आहे, दुसऱ्यावर नाही. ताई, तुमचे उपकार कसे फेडू. उद्याच नोटरीकडे विचारते.

ओरोसचा बाबू | गुरुवार, सकाळी ७.४०

मंडळी, आज गुरुवार. शारजात सरकारी आठवडा सोमवार ते गुरुवार, २०२२ पासून शुक्र-शनि-रवि सुट्टी. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस चालू असतं, शारजात नाही. कागलकर, प्रत्यक्ष जायचं काही काम असेल तर आज दुपारच्या आत उरका, नाहीतर चार दिवस गेले.

कागलकर | गुरुवार, दुपारी ३.३०

बाबू, तुमचा मेसेज वेळेवर वाचला. सकाळी वर्कशॉप मेव्हण्यांवर सोपवून निघालो. मेडिकल सेंटरला जाऊन रक्त आणि छातीचा एक्स-रे देऊन आलो. ते काम तरी मागे नको.

इस्टॅब्लिशमेंट कार्ड बघितलं, ते एप्रिलपर्यंत आहे. एमओए २०२२ चा नवा आहे, पण मी चढवला होता तो २०१५ चा. हिशेबनीस साहेब, तुम्ही सांगितलं नसतं तर तिसऱ्यांदा परत आला असता. पासपोर्टची माहिती बदलायचा अर्ज काल रात्रीच भरला, नंबर आणि ईमेल माझा टाकला. भरल्या भरल्या फोनवर एसएमएस वाजला. सतरा वर्षांत माझ्या फाईलबद्दलचा पहिला निरोप माझ्या फोनवर आला. सांगायला छोटी गोष्ट आहे, पण फार बरं वाटलं.

एक विचारतो. २६ चे आता २३ दिवस राहिले. समजा उशीर झालाच तर?

दर्यावर्दी | गुरुवार, संध्याकाळी ६.१५

तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी दार ठोठावत नाही. रेसिडेन्सी संपल्यावर सवलतीचा काळ असतो, व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे कमी-जास्त. तो संपला की दिवसाला ५० दिरहम दंड. आयडीचा दंड वेगळा: संपल्यापासून ३० दिवसांनी दिवसाला २० दिरहम, जास्तीत जास्त १,०००. पण त्या भरवशावर बसू नका, कारण तुमच्यामागे घरच्या दोघी आहेत. तुमचा झाल्याशिवाय त्यांचा होणार नाही.

मुलीच्या परीक्षेची काळजी सोडा. ती परीक्षा देणारच. हे तिच्यापर्यंत पोचू देऊ नका, एवढंच.

पुणे-शारजा | गुरुवार, रात्री ८.४०

धाग्याच्या विषयाला लागून आहे म्हणून लिहितो. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात मी पुण्याला सात महिने अडकलो. देशाबाहेर सलग १८० दिवसांपेक्षा जास्त राहिलात की रेसिडेन्सी आपोआप बाद होते, व्हिसावर तारीख शिल्लक असली तरी. २०२३ पासून आयसीपीने सोय केली आहे: बाहेर असतानाच परत येण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा, उशिराचं कारण आणि पुरावा जोडायचा, आणि १८० दिवसांच्या पुढच्या दर ३० दिवसांना १०० दिरहम भरायचे. परवाना आल्यावर ३० दिवसांत आत यायचं. मी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोडलं होतं. मराठीतलं होतं ते पहिल्यांदा परत आलं, डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि मग झालं.

मनाची तयारी नसताना विमानाचं तिकीट काढावं लागतं तेव्हा दिवस मोजायचं भान राहत नाही. ज्यांचे आई-वडील गावी एकटे आहेत त्यांनी निघतानाच कॅलेंडरवर १५० व्या दिवसाला खूण करून ठेवा. गोल्डन व्हिसावाल्यांना ही अट नाही.

मरिनाकर | शुक्रवार, सकाळी ९.१०

गोल्डनचा विषय निघाला म्हणून. मालमत्तेवरचा व्हिसा हे वेगळं प्रकरण आहे, तो लायसन्सशी बांधलेला नाही. ऑक्टोबर २०२२ च्या नियमांपासून २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा. दुबईत लहान फ्लॅटवर दोन वर्षांचा व्हिसाही आहे, आम्ही केला तेव्हा अट साडेसात लाखांची होती. रिन्यूअलला घर अजून तुमच्याच नावावर आहे हे दाखवायचं, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. आमचं त्यातच अडकलं होतं, बँकेच्या पत्रावर किती रक्कम फेडली तो आकडाच नव्हता. पुन्हा लिहून घेतलं आणि चार दिवसांत झालं.

नवी पालवी | शुक्रवार, रात्री ११.३५

नाव लपवून लिहितेय. माझ्या नवऱ्याला लहानपणी टीबी झाला होता, पूर्ण बरा झाला. आमचाही पार्टनर व्हिसा आहे. या वेळी एक्स-रेत छातीवर जुना व्रण दिसला आणि पुन्हा बोलावलं. घरात दोन दिवस कुणी जेवलं नाही. आता परत पाठवतील, दुकान जाईल, मुलांची शाळा जाईल, हेच डोक्यात.

कागलकर दादांनी मेडिकलचं लिहिलं म्हणून हे सांगावंसं वाटलं. रिन्यूअलमध्ये व्रण दिसला म्हणून थेट परत पाठवत नाहीत. थुंकीची तपासणी झाली, ती निर्दोष आली, आणि एक वर्षाचा सशर्त दाखला मिळाला. वर्षाने पुन्हा तपासणी. तिथल्या डॉक्टर बाई फार मायेने बोलल्या. कुणाच्या घरात असा जुना आजार असेल तर जुने उपचाराचे कागद गावाहून मागवून ठेवा, आणि लपवू नका. आम्ही सासूबाईंकडून तालुक्याच्या दवाखान्याचं १९९१ चं पिवळं कार्ड फोटो काढून मागवलं. डॉक्टर बाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, हे फार चांगलं केलंत.

दर्यावर्दी | शनिवार, सकाळी ८.००

नवी पालवी, हे इथे लिहायला धैर्य लागतं. ज्याला याची गरज असेल तो हे वाचून शांत झोपेल.

टायपिंगताई | शनिवार, दुपारी ४.२०

पालवीताईंना माझाही नमस्कार. कागलकर दादा, विमा काढून ठेवलात का? १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान आणि उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदारांना आणि घरकामगारांना विमा बंधनकारक झाला. दुबई-अबू धाबीत तो आधीपासून होता. तुम्ही पार्टनर, नोकरदार नाही, पण माझ्याकडच्या पार्टनरांच्या फायलींतही विमा मागितला गेलाय. आडनाव वेगळं झालंय, त्यामुळे विमाही नव्या पासपोर्टच्या नावाने आणि नंबरने काढा.

आणि सगळ्यांसाठी: गुगलवर शोधून पहिली दिसेल ती साईट उघडू नका. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साईटी आहेत, तुमची माहिती आणि कार्ड नंबर घेऊन गायब होतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट एई' आहे ना, हे बघूनच पुढे जा.

कागलकर | बुधवार, रात्री १०.५०

पासपोर्टची माहिती बदलली. आज दुपारी एसएमएस आला. वकिलातीचा दाखला मागितला होता, अर्ज आधीच टाकला होता म्हणून सोमवारी हातात होता, लगेच चढवता आला. आता पोर्टलवर माझं नाव दोन रकान्यांत नीट दिसतंय, वडिलांचं नाव माझ्या नावाशेजारी, आडनाव वेगळं. विमाही नव्या नंबरावर झाला.

रिन्यूअलचा अर्ज अजून पाठवलेला नाही. उद्या सकाळी डोकं ताजं असताना पाठवणार. एमओए २०२२ चा, पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, लायसन्स, कार्ड, मेडिकल, विमा, पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो. ताई, अजून काही?

टायपिंगताई | बुधवार, रात्री ११.०५

पाठवण्याआधी अर्जात पासपोर्टची तारीख बघा. कधी कधी नंबर नवा येतो आणि संपण्याची तारीख जुनीच राहते. एवढंच. बाकी सगळं बरोबर आहे.

कागलकर | गुरुवार, सकाळी ६.४५

ताई! तारीख जुनीच होती. बदलली आणि पाठवला.

ओरोसचा बाबू | गुरुवार, सकाळी ७.१०

देव बरे करो. कळवत रहा.

कागलकर | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

मंडळी, झालं. दुपारी साडेतीनला एसएमएस आला, मंजूर. मी तेव्हा एका गोदामाच्या छतावर युनिट उघडून बसलो होतो, हात ग्रीसने भरलेले. खिशात फोन वाजला तो तसाच काढला आणि तिथेच दोनदा वाचला. खाली उतरून आधी मेव्हण्यांना सांगितलं, मग घरी फोन केला. पासपोर्टवर शिक्का २०२२ पासून बंद झाला, आता आयडी कार्ड हाच पुरावा. ते कुरियरने येईल. ॲपवर मात्र आजच नवी तारीख दिसतेय, दोन वर्षांपुढची.

मेव्हण्यांची फाईल काल उघडून बघितली. त्यांच्याही फाईलमध्ये नंबर त्याच पीआरओचा. त्यांचा व्हिसा ऑगस्टपर्यंत आहे, तरी आत्ताच बदलून घेतला.

सांगलीच्या ताई, तुमचं करारावरचं अक्षर दुरुस्त झालं का?

सांगलीची सून | मंगळवार, रात्री ८.१५

अभिनंदन दादा! नोटरीची तारीख पुढच्या सोमवारची मिळाली. लग्नाचा दाखला भावाने काल मुंबईला नेऊन दिला. त्यावर माझी दोन्ही नावं आहेत, आधी फोटो मागवून वाचून घेतला.

टायपिंगताई | मंगळवार, रात्री ९.४०

आज फार आनंद झाला. दादा, आता वहिनींची आणि मुलीची फाईल कधी भरताय?

कागलकर | मंगळवार, रात्री ९.५५

बायकोची आत्ताच भरून झाली, मी बाजूला बसून होतो, तिने स्वतः भरली. मोबाईल नंबर तिचाच टाकलाय. मुलीची परीक्षा झाल्यावर तिच्याकडून भरून घेईन, दिवस मोजलेत, पुरतात.